आडवे नाना

धसईहून एक गृहस्थ गणपतीचा पाट घेऊन आमच्या शेजारी आले, तेव्हा नाना पडवीत मेलेले होते.

म्हणजे त्या गृहस्थांना तसं वाटलं. भर दुपार. पडवीत घोंगडी, घोंगडीवर नाना उताणे, हातपाय चार दिशांना, तळवे आभाळाकडे, डोळ्यांवर काकडीच्या दोन चकत्या आणि त्यांच्यावर ओलं फडकं. छाती हलते की नाही ते देवाला ठाऊक. गृहस्थांनी पाट हळूच भिंतीला टेकवला, टोपी काढून हातात घेतली आणि आत जाऊन नानींना पडेल आवाजात विचारलं, "कदी गेले?"

नानी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आताच. येतील तासाभरात. बसा."

शहापुरात आमच्या भिंतीला भिंत लागून हे नाना राहत. धंदा गणपती करण्याचा. श्रावण लागला की लोक आपापल्या घरचा पाट त्यांच्याकडे आणून टाकत, त्या पाटावरच नाना मूर्ती घडवत, आणि चतुर्थीला ज्याचा त्याचा पाट ज्याच्या त्याच्या डोक्यावरून घरी जाई. सापगावचे, मुरबाडकडचे, पार धसईचे पाट पडवीत ओळीने मांडलेले असत. दुसरा कोणी मूर्तिकार असता तर त्या दिवसांत जेवायलाही उठला नसता. आमचे नाना मात्र जेवले की आडवे होत. छप्पर उडालं तरी तासभर उठायचे नाहीत.

"आदी सैल, मंग काम," हा त्यांचा मंत्र. कोणी म्हणालं, नाना, आठ दिवस राहिले, अजून माझ्या गणपतीला सोंड नाही, तर म्हणायचे, "अरे, मातीला पन भिजवून निजवावी लागते. नाय निजवली तर तडकते. तू तरी कशाचा बनलायस?" त्या माणसाला सोंड मिळायची नाही, पण विचार करायला मिळायचं.

ही विद्या त्यांना मुरबाडच्या डोंगरात एका बैराग्याने दिली, असं ते सांगत. नानींचं म्हणणं निराळं. "बैरागी नाय नि बिरागी नाय. कंबर धरली व्हती, तवा वैदानं सांगितलं आठ दिस निजून रावा. ते आठ दिस अजून चाललेत."

विद्या कुठूनही आली असो, ती नुसती झोपेपुरती नव्हती. मुरबाडच्या गाडीची वाट बघताना नाना एका पायावर उभे राहत, दुसरा तळवा मांडीला लावून, हात डोक्यावर जोडून. गाडी उशिरा आली की पाय बदलत. रात्री निजताना काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळत. चहाला शिवत नसत, सुंठीचं गरम पाणी पीत आणि ते दुसऱ्यालाही पाजत. काकडी मात्र त्यांना महागात पडे. आमची एक तांबडी कोंबडी होती, ती टपूनच असायची. फडकं जरा सरकलं की चकती उचलून पसार. नाना तरी हलायचे नाहीत. पडल्या पडल्या, डोळे मिटून, कुंपणापलीकडे आवाज द्यायचे, "सूनबाय, तुझी कोंबडी माझा डोळा घेऊन गेली गो!"

ती सूनबाय म्हणजे मी. तेव्हा वय वर्षं एकोणीस, माहेर कल्याण, शिक्षण फायनल पास, आणि डोक्यात हवा शिगोशिग. शाळेत असताना रांगोळीचं बक्षीस मिळालं होतं. ते मी लग्नात सांगितलं, लग्नानंतर सांगितलं, विहिरीवर सांगितलं, आणि ज्यांना ऐकून पाठ झालं त्यांनाही सांगितलं. आज मला ती पोरगी रस्त्यात भेटली, तर मी पदर तोंडावर घेऊन दुसऱ्या बाजूने जाईन.

पण त्या वर्षी त्या पोरीचं काही बरं चाललेलं नव्हतं. वैशाखात तिचं पहिलं मूल आठ दिवसांचं होऊन गेलं. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांची स्वतःची दोन गेलेली. त्यांना एकच औषध ठाऊक होतं, "कामात राव, ईसर पडंल." म्हणून मी कामात राहिले. भाताची लावणी, नऊ माणसांचं रांधणं, पाणी, शेण. विसर काही पडला नाही, झोप तेवढी गेली. रात्रभर आढ्याकडे बघायची आणि दिवसा उभ्या उभ्या डुलायची. एक दिवस अंगणात रांगोळी घ्यायला बसले, तर चिमटीतून सरळ रेघ पडेना. ठिपके इकडेतिकडे पळायला लागले. पायाने पुसून टाकली. कोणी विचारलं तर सांगत असे, वेळ कुठाय? हात गेला, हे कुणाला सांगणार? माझ्याजवळ स्वतःचं म्हणावं असं तेवढंच तर होतं.

श्रावण लागला आणि एक दिवस नाना आमच्या ओटीवर आले. "वैनी," ते सासूबाईंना म्हणाले, "औंदा पाट लय पडलेत. हाताखाली मानूस नाय. तुमची सून रांगोळी काढते म्हनं. दुपारचं दोन-तीन तास द्याल का?"

सासूबाईंनी मला असं देऊन टाकलं, जसं उसनं पातेलं द्यावं. "न्या. हितं काय, भिंतीकडं बगत बसते."

माझी कॉलर, म्हणजे पदर, ताठ. शेवटी शहापुरात कुणाला तरी कला कळते! दुसऱ्या दिवशी वेणीफणी करून मी हजर. म्हटलं, नाना, डोळ्यांपासून सुरुवात करू का? मूर्तीचे डोळे आखणं हे सगळ्यात अवघड काम. ते नाना स्वतः करत, सकाळी, अंघोळ करून. श्वास सोडून द्यायचे आणि पुढचा श्वास घ्यायच्या आत एका फटक्यात रेघ.

"आदी निज," नाना म्हणाले. दुसरी घोंगडी अंथरलेलीच होती, आतल्या खोलीत, नानींच्या चुलीशेजारी.

"मी कामाला आलेय, नाना."

"हेच काम."

पडले. संतापाने डोळे घट्ट मिटून घेतले. पडवीतून नानांचा आवाज आला, "सूनबाय, पापन्या वाजतायत गो तुझ्या."

तासाभराने उठवून नानींनी माझे पाय मांडीवर घेतले आणि काशाची वाटी फिरवायला लागल्या. मी पाय ओढून घेतले, मोठ्या माणसाने पायाला हात लावायचा म्हणजे! नानींनी घोट्यावर चापट मारली. "गप बस. तुझ्यासारक्या पन्नासांचे पाय चोळलेत मी." मग सुंठीचं पाणी. आणि मग, दिवस कलताना, काम. काम कोणतं? मूर्तींना खडूचा पांढरा हात द्यायचा! भिंत सारवावी तसा. बक्षीस मिळवलेल्या बाईला!

आठ दिवस मी पांढरा हात दिला. आठ दिवस निजायचं सोंग केलं. नवव्या दिवशी नाना पडवीत सैल झाले, नानी शेजारी गेल्या, आणि मी उठले. पाटांच्या ओळीत आमच्या घरचा पाट मी ओळखला, त्याचा एक कोपरा तुटलेला होता. मूर्ती रंगून झाली होती, डोळे तेवढे राहिले होते. म्हटलं, दाखवतेच यांना. बारीक ब्रश घेतला, श्वास सोडला आणि रेघ मारली.

उजवा डोळा बरा झाला. डाव्याला ब्रश घसरला आणि बुबुळ कोपऱ्यात गेलं. ते सावरायला उजव्याचं जरा सरकवलं, तर ते दुसऱ्या कोपऱ्यात. बाप्पाची एक नजर मोदकावर आणि एक उंदरावर.

"झालं का गो?" मागून आवाज आला. नाना तसेच आडवे, काकडीसकट.

उठून आले. मूर्तीसमोर बराच वेळ बसले. मी शिव्यांची वाट बघत होते. ते एवढंच म्हणाले, "बाप्पा पन दमलाय."

तेवढ्याने माझा बांध फुटला. वैशाखापासून मी कुणासमोर रडले नव्हते, ती पडवीत, सापगाव-मुरबाडच्या साठ गणपतींसमोर, हमसून हमसून रडले. "नाना, माझा हात गेला. रेघ नाही येत. झोप नाही येत. बाळ गेलं आणि सगळंच गेलं."

नानांनी फडक्याला हात पुसले. मूर्ती हलक्या हाताने आमच्या पाटावरून सोडवली आणि स्वतःच्या पाटावर बसवली. "हा आमच्याकडं बसंल. तुमाला दुसरा करतो."

तेवढ्यात नानी परतल्या. बघून म्हणाल्या, "आनि ह्याला निवद दाखवू कुठल्या डोळ्यासमोर?"

मी रडता रडता हसले. मग आत जाऊन पडले आणि निजले. खरंखुरं. सासूबाई मला बोलवायला येऊन गेल्या, तेही मला कळलं नाही. नाना दारात आडवे उभे राहिले म्हणे. "वैनी, आत येऊ नका. लय बारीक काम चाललंय." दिवेलागणीला जाग आली, तेव्हा गालावर घोंगडीची नक्षी उठली होती.

दुसऱ्या दिवशी मला शिक्षा मिळाली ती अशी, की नानांनी मला बढती दिली. आता पीतांबराचे काठ माझ्याकडे, आणि झाडून सगळे उंदीर! तेव्हापासून दुपारी पडले की मी ओंडक्यासारखी निजायची, उठून काठ काढायची आणि तृप्त होऊन घरी जायची. त्यात मी एक मोठा शोध लावला. काढताना काठ जरा वाकडे येत, पण दुसऱ्या दिवशी दुपारी निजून उठलं की सरळ दिसत. रंग नीट वाळला की रेघ आपोआप सरळ होते, हा तो शोध. मी तो नवऱ्याला सांगितला. ते म्हणाले, असेल.

चतुर्थीला पाट उचलायला लोक आले. "औंदा काठ काय सुरेख!" प्रत्येक जण म्हणाला, आणि मी प्रत्येकाला सांगितलं, ते माझे. नानांच्या घरच्या तिरळ्या बाप्पाबद्दल कोणी विचारलं, तर नाना शांतपणे सांगत, "त्याला सगळीकडं लक्ष द्यावं लागतं." गौरी आल्या त्या सकाळी मी अंगणात बसले आणि हात भिजवलेल्या मातीसारखा मऊ चालला. दारापासून तुळशीपर्यंत गौरीची पावलं काढली, एकही चुकलं नाही.

पुढच्या श्रावणात मी आपणहून नानांकडे गेले. मला पाचवा महिना होता, तरी म्हटलं, काठ कोण काढणार?

"औंदा नको, सूनबाय," नाना म्हणाले. "औंदा मानसाची गरज नाय."

मी जी फणफणले! तडक नानींच्या चुलीपाशी. म्हटलं, गरज होती तेव्हा सूनबाय, आता नको का? काठ कुणी शिकवले यांना? नानींनी ऐकून घेतलं. मग फुंकणी खाली ठेवली.

"तुला सांगू नको म्हनलेले," त्या म्हणाल्या, "पन तू माझं डोकं उठवलंस. चाळीस वर्सं झाली गो, त्यांनी मूर्तीला कुनाचा हात लावून घेतला नाय. मला नाय, पोटच्या लेकाला नाय. विहिरीवर तुला डुलताना बगितलं, घरी येऊन म्हनले, ही पोर पडनार. तुझ्या सासूला 'निजू द्या' सांगितलं तर ऐकनार हाय का ती? कामाला मागितली तर धाडील."

"पण मी काम केलं ना! काठ—"

"केलंस. तू निजलीस का ते उठून आदल्या दिसाचे तुझे काठ पुसायचे नि परत काढायचे. दिव्याच्या उजेडात रंग कळत नाय, म्हनून दुपारीच. तू रडलीस त्या दिसापासून चतुर्थीपातूर ते एक दुपार निजले नायत." नानींनी पदराने नाक पुसलं. "मी म्हनलं, आवो, तुमची कंबर! तर मला म्हनतात, तिला ऊठ म्हनू नको, बास."

 मग मी विचारलं, "उंदीर? उंदीर तरी माझे होते ना, नानी?"

"उंदीर तर आदी पुसायचे."

मी हसले, आणि हसता हसता डोळे भरून आले. तशीच बाहेर गेले. नाना पाठमोरे बसून माती मळत होते. मी समोर जाऊन बसले.  त्यांनी मातीतले हात थांबवले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, नीट, एकदा या डोळ्यात, एकदा त्या डोळ्यात.

"आता बरं हाय," ते म्हणाले आणि पुन्हा मातीत हात घातले.