दौलतराव गव्याचं न खोललेलं इंजिन

बाळांनो, हाताची घडी घाला आणि मोबाइल आईकडे द्या. एका जंगलात गाड्यांची फार वर्दळ झाली होती, त्या काळातली ही गोष्ट.

तिथं दौलतराव नावाचा गवा राहायचा. त्याची एक जुनी जीप होती आणि तिच्याबद्दल त्याचं एकच सांगणं असायचं. इंजिन अजून खोललेलं नाही, कंपनीनं आवळलेले बोल्ट आहेत तसे आहेत. हे तो बारशाला सांगायचा आणि तेराव्यालाही सांगायचा. जंगलात त्याला मान होता. बाकीच्यांची इंजिनं कधीतरी खोलून झालेली होती आणि मुलीकडच्यांपासून ते ही गोष्ट लपवत असत.

एक दिवस जीप निळा धूर सोडू लागली. ऑइल तर ती घटाघटा प्यायची.

नेमका तेव्हाच वाघमहाराजांचा निरोप आला. घाटापलीकडे सभा आहे, दौलतरावांनी आपल्या जीपमधून न्यावं. आता गव्यानं वाघाला शेजारी बसवून घाट चढायचा, यात मान किती आणि धोका किती, ते तुम्हीच ठरवा. महाराजांच्या जेवणाची सोय पलीकडे होती. गाडी मध्येच बंद पडली, तर सोय अलीकडेच होणार होती.

दौलतराव खवल्यामिस्त्रीकडे गेला. हा मिस्त्री म्हणजे खवले मांजर. गाडीखाली सरपटत जाण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. तो बाहेर आला आणि म्हणाला, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, इंजिन खोलावं लागेल. मिस्त्री खोलायचा उत्तम, पण जोडून झाल्यावर त्याच्याकडे नेहमी दोन-चार बोल्ट उरायचे. दौलतरावानं जीप तशीच घराकडे वळवली.

घरी बायको म्हणाली, "अहो, खोलून घ्या. शेजारी वाघ बसणार आहे."

"लोक काय म्हणतील?" दौलतराव म्हणाला.

मग तो मोराच्या काचेच्या गॅरेजात गेला. मोरानं इंजिनाला हातही लावला नाही. त्यानं काकवीइतकं घट्ट ऑइल ओतलं, गाडी धुतली, सीटवर सेंट मारलं आणि पुढं लिंबू-मिरची बांधली. धूर थांबला. गाडी धुऊन मिळाली की ती दुरुस्त झाली, असं त्या जंगलात सगळेच मानायचे.

निघायचा दिवस उजाडला. अर्धा घाट जीप झकास चढली आणि महाराजांनी कौतुकही केलं. दौलतरावानं लगेच इंजिनाची गोष्ट सांगायला घेतली. ती संपायच्या आत जीपनं ढगाएवढा धूर सोडला आणि ती थांबली ती थांबलीच.

ऊन वाढलं. महाराज घड्याळाकडे बघत होते, मग दौलतरावाच्या मानेकडे बघू लागले. कावळ्याला पाठवून खवल्यामिस्त्रीला बोलावून घेतलं. मिस्त्री गाडीखाली गेला, बाहेर आला आणि पुन्हा तेच म्हणाला.

"खोलायचं नाही," दौलतराव म्हणाला.

वाघमहाराज शांतपणे म्हणाले, "दौलतराव, मला भूक लागलीय. आज इथं काहीतरी खोललं जाणार. इंजिन, नाहीतर तुम्ही."

दौलतराव विचारात पडला. हो, बाळांनो, यावरही त्यानं विचार केला. त्यानं बॉनेटकडे पाहिलं, मिस्त्रीच्या गंजक्या पान्यांकडे पाहिलं. घाटाखाली जमून बघणारं सगळं जंगल त्याला दिसलं.

"महाराज," तो म्हणाला, "इंजिनाला हात लावू देणार नाही."

मला त्याचं फार वाईट वाटतं. मूर्ख होता, पण मूर्खांनाही घरी वाट बघणारं कुणीतरी असतं. महाराजांनी मात्र वाईट वाटून घेतलं नाही. ते जेवले आणि पुढं पायी गेले.

शोकसभा मोठी झाली. मोराला बोलताना हुंदका आवरेना. दौलतराव गेले, पण त्यांनी शेवटपर्यंत इंजिन खोलू दिलं नाही, असं तो म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

सभा संपल्यावर एक रानडुक्कर दौलतरावाच्या बायकोजवळ आलं. त्यानं हळूच विचारलं, जीप द्यायची आहे का?

तिनं डोळे पुसले. "द्यायची आहे," ती म्हणाली. "इंजिन खोललेलं नाही."

तात्पर्य : इंजिन न खोललेल्या गाडीला भाव चांगला येतो. तो घ्यायला मालक हयातच असला पाहिजे, असं काही नाही.