संडास तुंबवला कोणी?

कुणी विश्वास ठेवला नाही, हीच तर खरी चीड होती. संडास तुंबला की घरातली सगळी बोटं एकाच दिशेला वळायची. का, तर ही बाई घरी गाद्या-उशा शिवते, म्हणजे कापसाचे पुंजके आणि दोऱ्याची टोकं तीच आत झटकत असणार. (झटकायची ती केराच्या डब्यात. पण डबा थोडाच साक्ष द्यायला येतो?)

इमारतभर तिला फौजदारीण म्हणत. जिन्यात चपला कुणी आडव्या काढल्या, गच्चीचा नळ कुणी उघडा टाकला, हे तिने शोधून काढायचं आणि गुन्हेगाराचं नाव जिन्यातून मोठ्यांदा घ्यायचं, अशी पद्धतच तिने पाडली होती. आणि आता तिच्याच घरात तीच आरोपी. दुसऱ्यांदा तुंबला तेव्हा नवऱ्याने जाहीर केलं की पुन्हा असं झालं तर शिलाई मशीन आतल्या खोलीतून उचलायचं आणि गॅलरीत ठेवायचं, ऊनपावसात. त्या मशीनवर तिने मुलाचं शिक्षण केलं होतं.

सूनबाई बाळाचं पुसून झालं की ओले वाइप्स थेट संडासात टाकते, ते कुठे जातात, असं तिने विचारलं. सून शांतपणे म्हणाली, "आई, ते विरघळतात. पाकिटावर तसं छापलंय."

झालं. नवऱ्याची हयात छापखान्यात गेलेली. छापील अक्षर दिसलं की त्याचे हात आपोआप जोडले जातात. छापलंय म्हणजे तसंच असणार, म्हणाला.

"एका वर्षी तुम्ही फेब्रुवारी तीस दिवसांचा छापला होता," ती म्हणाली. "मग उगवली का तीस तारीख?"

यावर त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. (तेही छापलेलंच.)

आता पुरावाच देते, असं म्हणून तिने एक वाइप बादलीत भिजत घातला. येताजाता काठीने ढवळला. दोन दिवसांनी बाहेर काढला तर जसाच्या तसा, उलट अंगाने जरा भरलेला. तो चिमट्यात धरून तिने घरभर मिरवला, जेवणाऱ्या मुलाच्या ताटावरूनसुद्धा. मुलगा ताट घेऊन उठला. सून म्हणाली, बादलीतलं पाणी साचलेलं, पाइपातलं वाहतं असतं. मग सासूने तो वाइप नवऱ्याच्या सदऱ्याबरोबर वॉशिंग मशीनमध्ये फिरवला. सदऱ्याची कॉलर विरली, वाइप धडधाकट. तर नवऱ्याचं म्हणणं, सदराच जुना होता.

अशा माणसांपुढे करायचं काय? थेट संडासातच टाकून बघायला हवा होता, पण टाकलेला माल परत हातात यायला हवा, नाहीतर पुरावा कसला? तिच्याजवळ गाद्या शिवायचा दोरा होता. गादी फाटेल, खाट मोडेल, माझा दोरा तुटायचा नाही, असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायची. घरात कुणी नाही असं बघून तिने वाइपला दोरा बांधला, तिची नेहमीची दुहेरी गाठ मारली आणि फ्लश दाबला. दोरा सरसर गेला. मग तिने ओढला. येईना. भिंतीला पाय लावून ओढला. वाइप कुठल्याशा वळणावर रुतून बसला होता आणि दोरा काही तुटणाऱ्यातला नव्हता. शेवटी कात्रीने कापावा लागला. एवढ्याशा दोऱ्याने काय होतंय, असं स्वतःशी म्हणत तिने कात्री जागेवर ठेवली आणि त्याबद्दल कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात तुंबला तो असा, की खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या न्हाणीघरात पाणी आलं. प्लंबरने लांबलचक तार आत सरकवली आणि सगळं घर दारात जमलं. पहिल्याच हिसक्याला एक वाइप आला. मागोमाग दुसरा. मग अख्खा लोंबता गठ्ठा, त्यातला एकही विरघळलेला नाही.

फौजदारीण कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "वाचा आता," ती नवऱ्याला म्हणाली. "पाकीट आणा आणि काय छापलंय ते मोठ्यांदा वाचा."

सुनेची मान खाली गेली. नवरा चष्मा पुसत राहिला. इतके दिवस गिळलेलं सगळं बोलून दाखवायला तिने तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात प्लंबर म्हणाला, "हे आले कसेबसे पुढे सरकत, पण दोऱ्यात गुंतून इथेच थांबले." त्याने तो दोरा हाताला गुंडाळून खेचला, मग पकडीत धरून पिळला. "काय चिवट आहे हो. तुटतच नाही."

गप्प बसायची हीच वेळ होती. पण दोऱ्याचं कौतुक झालं की तिचा जिभेवर ताबा राहत नसे.

"तुटेल कसा," ती म्हणाली. "माझा आहे तो."

नवऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वाकून गाठीकडे. दुहेरी गाठ होती.

वाइप्सचं पाकीट त्याच दिवशी केरात गेलं, तेवढं मात्र तिने करून घेतलं. आणि संध्याकाळी बापलेक मशीन उचलून गॅलरीत नेत असताना खालच्या बाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. पाणी उपसून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता, तरी प्रश्न स्पष्ट ऐकू आला, संडास तुंबवला कोणी म्हणून.

पद्धत घरचीच होती. नवऱ्याने मशीन खाली टेकवलं आणि दाराबाहेर येऊन, जिन्याच्या कठड्यावरून वाकून मोठ्यांदा सांगितलं,

"फौजदारणीने."