बोडसकाकांचं कोबॉल

बोडसकाका कुठलाही प्रोग्रॅम मशीनला देण्याआधी माणसाला वाचून दाखवत. तेही उभं राहून, पोथी वाचावी तशा खड्या आवाजात. वाक्य संपलं की "पूर्णविराम!" म्हणून ओरडत. सत्तरच्या दशकात मी पुण्याहून कलकत्त्याच्या आमच्या सरकारी कॉम्प्युटर विभागात रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुर्ची ओढून दिली. "बैस, सुलभा. ऐक. नाही कळलं तर दोष माझा."

वाचायचे इंग्रजीत, मला समजावायचे मराठीत. "साठा कमी झाला तर मागणी पाठव. पूर्णविराम!" एवढीशी गोष्ट, पण ती मशीनला सांगायला भोकं पाडलेल्या कार्डांचा हा ढीग! कोबॉल ही प्रोग्रॅम लिहायची भाषाच ऐसपैस. विभागात सगळे तिला जुनाट, कारकुनी म्हणून नाकं मुरडत. मीही त्यातलीच.

त्यात आमचे सान्यालसाहेब परदेशातून एक नवी भाषा शिकून आले. कोबॉलचं अख्खं पान तिच्यात एका ओळीत मावायचं. साहेबांनी जाहीर केलं, कोबॉल मोडीत, आणि बोडसबाबूंची बदली दिल्लीला. तिथं जुनं काम अजून शिल्लक होतं.

काका चरकले. घरी काकू होत्या ना. अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या त्यांच्या घरी दिवसभर शेजारच्या मिनतीबौदी, म्हणजे मिनतीवहिनी, त्यांना भरवायच्या, त्यांच्या खुणा ओळखायच्या. काका जन्मापासून कलकत्त्याचे. दिल्लीत कोण होतं त्यांचं? "बौदींच्या कानावर घातलंय," ते मला म्हणाले, "हिला मात्र काही बोललो नाही. जीव घाबरा होईल तिचा."

साहेबांकडे त्यांनी एकच मागणं मागितलं. "जाण्याआधी एकदा वाचून दाखवतो. डॉक्टरबाईंना."

डॉक्टर मित्रा सरकारी औषधभांडाराच्या प्रमुख. त्यांची औषधं कुठल्या इस्पितळाला कधी पाठवायची, हे काकांचा प्रोग्रॅम ठरवायचा. बाईंना कॉम्प्युटरचं वावडं. आल्या त्याच घड्याळाकडे बघत.

काका वाचू लागले. साहेब जांभया देत होते. "सगळ्यात जुना साठा आधी पाठव. पूर्णविराम!"

"थांबा, थांबा," बाई ताठ झाल्या. "सगळीकडे? सुंदरबनातसुद्धा? अहो, तिथं औषध होडीनं जातं. पोचेपर्यंत मुदत संपेल त्याची!"

चूक काकांची स्वतःची होती. मला वाटलं, झालं, आता दिल्ली पक्की. आणि हा माणूस काय करतो? चक्क टाळी वाजवतो! "सापडली! साहेब, सापडली! आमच्यापैकी एकालाही दिसली नव्हती हो!"

साहेबांनी तोच प्रोग्रॅम नव्या भाषेत उतरवला होता. तो त्यांनी बाईंपुढे ठेवला. नुसते बाण, ठिपके आणि चिन्हं. बाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "यातही ती चूक आहे का?"

आपलीच ओळ उलगडता उलगडता साहेबांना घाम फुटला. चूक होती.

सान्यालसाहेब तोऱ्यात वागायचे, पण मनानं सरळ. "बोडसबाबू," ते म्हणाले, "ज्याचं काम त्याला समजलं पाहिजे, याचा मी विचारच केला नव्हता. हे काम कोबॉलमध्येच राहू दे. आणि तुम्हीही राहा."

त्या संध्याकाळी काका मला आग्रहानं घरी घेऊन गेले. उंबऱ्यातूनच ओरडले, "अगं, आपल्याला दिल्लीला जायचं नाही!" आणि जीभ चावली. काकूंना मुळात काही सांगितलंच नव्हतं.

बौदी खाली मान घालून म्हणाल्या, "दीदीला माहीत आहे, दादा. माझ्याच तोंडून गेलं. तिनं खुणा करकरून माझ्याकडून सामानसुद्धा बांधून घेतलंय." त्यांनी पलंगाखालची ट्रंक पुढे ओढली.

काकांनी झाकण उघडलं. त्यांचे स्वेटर, मफलर, सदरे, सगळं नीट घडी घालून ठेवलेलं. त्यांनी तळापर्यंत हात घालून पाहिलं. काकूंचं एकही पातळ त्यात नव्हतं.

"मला एकट्याला धाडणार होतीस होय गं?"

काकूंनी डावा हात हलवला. जा, जा. काकांनी तो हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि ते ढसाढसा रडू लागले. मी आणि बौदी स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिलो.