चीन-अमेरिकेचं भांडण मी मिटवलं

मांगं एक दिवस भाकरी थापता थापता मी ठरवलं, चीन आन अमेरिकेचं भांडण मिटवून टाकायचं. दुसरं कोणी मिटवून नव्हतं राह्यलं, आन मले मधली खोली पाह्यजे होती.

तुम्ही म्हणसान, बुढी चौथी नापास, हिले काय समजते? सारं समजते बाप्पा. दोन मोठी घरं भांडतात तवा बोलणं कमी आन दारं आपटणं जास्त, एवढंच राजकारण असते. पण आमच्या बुढ्याले ते लय गहिरं वाटते. (नाव घेत नाही. लग्नात एकदा घेतलं, तेवढं बस झालं.) हा माणूस रोज मारुतीच्या पारावर बसून दिल्लीले सल्ला देते, रशियाले दम देते, आन घरी येऊन म्हणते, "माहा टावेल कुठी हाये व?"

त्याच्या या परदेशी कारभारानं मधली खोली दिवाळीपासून कापसानं भरेल होती. पार आढ्याले टेकला. आन आमची शेंडेफळ, अनुपमा, पहिल्या बाळंतपणाले माहेरी येणार. तिची खाट टाकाव कुठी?

"इकून टाका ना तो कापूस," मी म्हटलं.

"थांब. अमेरिकेशी बिनसलं म्हणून चीन आपल्याकडं येईन. मंग भाव पाह्यजो."

"चीन कवा येईन देव जाणे, पोरगी सोमवारी येऊन राह्यली!"

"तुले जगाचं काही समजत नाही."

असं का? मंग मीच जग हाती घेतलं.

शेजारच्या मोतीरामची बायको पुष्पाबाई. त्याइच्याही घरात कापूसच कापूस. तिले भिंतीवरून हाक मारली आन शपथ घातली. (तिले शपथ घातली का बातमी जोरात पळते.)

"कोणाले सांगजो नको. चीन-अमेरिकेचं गोड झालं."

"काय सांगता काकू! कवा?"

"रातीच. आता चीन तिकडचाच कापूस घेणार. आपला कुत्रं इचारत नाही."

"तुमाले कोणं सांगलं?"

"मोठ्या लोकाइचं नाव नसते घेत." (नव्हतंच, तं घेऊ काय?)

संध्याकाळी मारुतीले दिवा लावाच्या बहाण्यानं मी पाराजवळ गेली. मोतीराम सांगत होता, "उकंडराव, दोघाइनं हात मिळवले! जहाजं बी निंघाले म्हणतात!"

आमचा बुढा मागं हटते काय? "मले सकाळीच माहीत होतं," म्हणे. "बोललो नाही. नाजूक मामला होता."

मी पदर तोंडात कोंबला आन घरी पळाली.

सकाळी मोतीरामच्या दारात टेम्पो लागला. कापूस भरला. मी इकडं खाट धुवून उन्हात टाकली. टेम्पो निंघाला, आन आमच्याच दारात येऊन थांबला.

"या बाप्पा," मी म्हटलं. "आता आमचा भरा."

"भरायचा नाही काकू," टेम्पोवाला म्हणे. "उतरवायचा हाये."

मांगून बुढा आला, मिशीवर हात फिरवत. "मोतीरामचा मीच घेतला! सारे भेऊन इकून राह्यले. उद्या साऱ्या गावात कापूस कोणाजवळ? माह्याजवळ! चीनले याच दारात या लागन."

"आन त्याइचं गोड झालं ते?"

"मोठ्या देशाचं गोड चार दिवसाचं असते."

आता मात्र माह्या पायाखालची जमीन सरकली. "अवो, खोटं हाये ते! बातमी मीच उठवली!"

बुढा पोट धरून हसला. "तू? चीन-अमेरिकेचं तू मिटवलं?" आन टेम्पोवाल्याले म्हणे, "उतरव बे."

सोमवारी अनुपमा आली तवा ओटा भरेल, सैपाकघर अर्धं भरेल, आन चुलीजवळ मी एकटी. पोरगी दारातच उभी राह्यली. तिकून पुष्पाबाई धावत आली. "आमची खोली मोकळी झाली ना काकू! तुमच्या बातमीचे उपकार. चाल व पोरी."

दवाखान्यातून बाळ घेऊन पोरगी तिथंच गेली. नात झाली मले! मी डिंकाचे लाडू घेऊन गेली. पुष्पाबाईनं डबा घेतला आन दार अर्धंच उघडलं.

"बाळ झोपलं. चार वाजता या. आन अंगावरचा कापूस झटकून या."

दार बंद.

बुढा ओट्यावरून पाहूनच राह्यला होता. "बोला ना तुम्ही मोतीरामले," मी म्हटलं. "साऱ्या जगाले बोलता. नात आपली हाये!"

बुढ्यानं दोन्ही हात जोडले.

"नाही व. तो त्याइचा अंतर्गत मामला हाये. त्यात आपण बोलत नसतो."