आवाज बंद करून गाणं पाहणारे आबा

सुरतच्या गोडादऱ्यातले आमचे शेजारी भिकन आबा गाणं ऐकत नाहीत, पाहतात. तेही आवाज पूर्ण बंद करून. हीरो पन्नास पोरींसोबत उड्या मारायला लागला की आबा चहाची बशी खाली ठेवून विचारतात, "याले काय जोयजे?" म्हणजे, याला हवंय तरी काय? उत्तर मिळालं नाही की गाणं बदलतात.

तीस वर्षं लूमवर, कापड विणण्यात काढलेला माणूस. त्या खडखडाटात शेजारच्या कारागिराची हाकही ऐकू येत नाही. बोलणं ओठांवरून वाचायचं. त्यामुळे आबांसमोर कुजबुजून उपयोग नाही. समोरच्या गॅलरीतलं भांडण ते आपली खिडकी न उघडता सांगतात.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी मुद्दाम सांगते आणि सांगत राहणार. पण शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टचा एक म्युझिक व्हिडिओ आडवा आला. माझी मैत्रीण कविता हिने अहिराणी गाणं झकास गायलं होतं: नवरा सुरतेला, बायको गावाला. तिलाच साडी नेसवून आम्ही तापीकाठी चालवलं. सरांनी परत पाठवलं. "ही साडीची जाहिरात आहे. शनिवारपर्यंत गोष्ट आणा, नाहीतर नापास."

व्हिडिओ आबांना दाखवला. अर्थात आवाज बंद.

"बाई चालस, चालस, चालस. हिले काय जोयजे?"

"नवरा, आबा."

"मग तो भेटत का नाही, ते कुठेय? नुसता उभा धागा ताणून ठेवलाय पोरी. आडवा कोण टाकेल, मी?"

"टाका."

टाकला. नवरा लूमवर, बायको व्हिडिओ कॉलवर. ऐकू काहीच जात नाही, म्हणून ती नुसते ओठ हलवते. "तिचं तोंड लगेच दाखवू नको. आधी फोन चमकू दे. त्याच्या हातात तुटलेला धागा. उचलेल का नाही? लोकाले जरा ताटकळू दे."

"हे सुचलं कुठून?"

"सुचतं कशाला? तुझी जिजी गावाहून रोज दुपारी असाच फोन करायची. बाजूला सासू बसलेली. आवाजच नाही तर लाज कोणाची? काय वाट्टेल ते बोलायची!"

जिजी म्हणजे आबांची बायको; त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

नवऱ्याचं काम आबांनाच दिलं; लूम चालवता येणारा दुसरा नट आमच्याकडे नव्हता. कविता पदर घेऊन, फोन धरून कारखान्याबाहेर बसली. पहिल्याच टेकला आबा तडक बाहेर.

"ए पोरी, एक-दोन-तीन-चार काय मोजतेस? मी तुझा नवरा आहे का पाढे म्हणवून घेणारा मास्तर?"

"मग काय बोलू, आबा?"

आबा लूमकडे वळता वळता म्हणाले, "जेवनात का, म्हन."

दुसरा टेक. फोन चमकला. कविताने विचारलं. आबांचे ओठ हलले. मीही लूमवाल्याचीच पोरगी, एवढं मला वाचता येतं: "हां, जेवनू. तू?"

हे 'तू' ठरलेलं नव्हतं. कविताने फोन आणखी जवळ धरला. ती नुसती पाहत राहिली. आबाही पाहत राहिले. धागा हातात तसाच. फोन कोणीच ठेवला नाही आणि मला 'कट' म्हणवलं नाही.

सरांनी पास केलं. फक्त म्हणाले, "शेवटचा शॉट लांबलाय, थोडा काप."

"नाही सर," मी म्हटलं, "तो तेवढाच आहे."