कोपरा माशांचाच!

घरात मासे पाळायचे, हे मी चहा पिता पिता ठरवलं. माझे सगळे मोठे निर्णय असेच होतात. कप रिकामा होईपर्यंत कुणी अडवलं नाही, तर निर्णय पक्का. त्या दिवशी बायको, म्हणजे उज्ज्वला, गच्चीवर कपडे वाळत घालत होती. अडवणार कोण?

माझं ब्लडप्रेशर जरा वर असतं (ऑफिसात साहेब, घरी उज्ज्वला; खाली येणार कधी?). माशांकडे बघत बसलं की ते उतरतं, असं मी मोबाइलवर वाचलं होतं. संध्याकाळी जुन्नरच्या बाजारातून काचेची टाकी, रंगीत खडे, बुडबुडे सोडणारा पंप आणि चार गोल्डफिश घेऊन आलो आणि सगळा संसार हॉलच्या कोपऱ्यात मांडला.

"इथं नको," उज्ज्वला म्हणाली. "इथं घरघंटी येणार आहे. आबा देणारेत."

आबा म्हणजे माझे सासरे, येडगावचे रखमाजी. आपल्या मुलीला दळणाचा डबा घेऊन गिरणीत ताटकळावं लागतं, याचं त्यांना फार वाईट वाटतं, आणि गिरणी जणू मीच काढली आहे अशा नजरेनं ते माझ्याकडे बघतात.

"कोपरा माशांचा," मी म्हणालो.

"जगले तर माशांचा. मेले तर घरघंटीचा."

"मंजूर!" (इतक्या खणखणीत आवाजात मी आमच्या लग्नातसुद्धा काही बोललो नव्हतो.)

सकाळी चारही मासे उताणे. उज्ज्वला आतून टेप घेऊन आली. तिनं कोपरा मोजला.

मी तडक दुकान गाठलं. दुकानदार बाळासाहेब माशांना जाळीनं इकडून तिकडे करत होते.

"पाणी कुठलं घातलं व्हतं?"

"नळाचं. सरळ पाइप लावून."

"मंग मरतील न्हाई तर काय! नळाच्या पान्यात जंतू मारायची टीसीएल पावडर असती, भाऊ. त्यो वास उडून जायला पायजे. रातभर पानी भरून ठिवायचं, मंग टाकीत वतायचं."

एवढंच ना? रात्रभर पाणी भरून ठेवण्यात आमच्या घराचा हात कोण धरणार! रोज रात्री तांब्याचे दोन हंडे भरायचे आणि सकाळी अनशापोटी ते पाणी प्यायचं, हा माझा नेम आहे. ऑफिसात मी या पाण्याचा इतका प्रचार केलाय, की मला येताना बघून लोक टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या खाली लपवतात. मी चार नवे मासे घेतले, जड मनानं एक दिवस माझं पाणी सोडलं आणि ते त्यांना दिलं. पोटच्या पोरासाठी माणूस करतो तेवढं मी त्या गोल्डफिशसाठी केलं.

ते दुसऱ्या दिवशी मेले.

आता मला राग आला. खराखुरा राग. माशांचा नव्हे, परिस्थितीचा. मी चौकशी सुरू केली. पहिला संशय शेजारच्या सारजाबाईंवर. आदल्या दिवशी त्या टाकीपुढे उभ्या राहून "लई देखनं हायेत गं बाई" म्हणाल्या होत्या. मी टाकीला लिंबू-मिरची बांधली. मग उदबत्ती बंद केली, डासांची कॉइल बंद केली. फोडणीचा ठसका हॉलमध्ये येतो म्हणून फोडणीसुद्धा बंद करा असं सुचवणार होतो, पण उज्ज्वलाच्या हातात उलथनं होतं.

"सोडा आता तो नाद," ती म्हणाली. "आबा रविवारी टेम्पोत घरघंटी घालून आणतायत."

"रविवारी एक जरी मासा पोहताना दिसला, तर कोपरा कुणाचा?"

"तुमच्या माशांचा. शब्द आहे माझा."

शनिवारी मी शेवटचे चार मासे आणले. (बाळासाहेबांनी मला बघून पिशवी बांधताना माशांकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरलेलो नाही.) या वेळी हयगय नाही. आमचं पाणी उत्तम, तेव्हा खोट असेल ती स्वच्छतेत, असं मी ताडलं. आदल्या रात्रीच दोन्ही हंडे आतून-बाहेरून चिंचेनं घासून लख्ख केले होते, घाईघाईत विसळले होते आणि काठोकाठ भरले होते. तेच पाणी टाकीत ओतलं.

रविवारी सकाळी दोघं गेलेले होते आणि दोघं तळाशी तिरके पडून धापा टाकत होते. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. आबा आत आले आणि धोतर सावरत टाकीपाशी वाकले.

"जावईबापू, ह्ये मासं पवत्यात का निजल्यात?"

"आराम करतायत."

"उताणं?"

उज्ज्वला आतून धावत आली. ती जिंकल्यातच जमा होती. नुसती उभी राहिली असती तरी कोपरा तिचा होता. पण तिनं ते दोन धापा टाकणारे मासे चहाच्या गाळणीनं उचलले आणि बादलीत सोडले. आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी येतं, म्हणून मोरीत प्लॅस्टिकचा ड्रम भरलेला असतो. त्यातलं पाणी होतं ते.

"कोपरा गेला खड्ड्यात," ती म्हणाली. "जीव आहे तो."

मला एकदम भरून आलं. पण भरून येण्याची ती वेळ नव्हती, कारण मासे सरळ झाले! आधी एक, मग दुसरा. शेपट्या हलवत बादलीत फेऱ्या मारायला लागले.

मी ओरडलो, "सापडलं! ड्रमचं पाणीही रात्रभर ठेवलेलं, माझंही रात्रभर ठेवलेलं. फरक फक्त भांड्याचा! तांबं पाण्यात उतरतं आणि माशांना बाधतं! त्यात परवा चिंच..."

"चिंच?" उज्ज्वलानं कपाळाला हात लावला. "अहो, तांब्याच्या भांड्यात आंबट राहिलं की कळकतं! कधी स्वयंपाकघरात आला असतात तर कळलं असतं."

आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी पावणं, मारनारं बी तुमीच, आन् शोधून काढनारं बी तुमीच?"

"हंडे लग्नात तुम्हीच दिले होते!" मी छाती काढून म्हणालो. सासऱ्याला उलट उत्तर देण्याची ही माझी पहिलीच वेळ. फार बरं वाटलं.

"पानी प्यायला दिलं व्हतं राव. माशांचं न्हानीघर काढायला न्हाई." पण आवाज जरा उतरला होता.

आम्ही टाकी धुतली, ड्रमचं पाणी भरलं, मासे आत सोडले. दोघंही झोकात पोहायला लागले. मी उज्ज्वलाकडे पाहिलं. तीही शब्दाची पक्की.

"कोपरा माशांचा," ती म्हणाली.

मी जिंकलो होतो! संपूर्ण सासरवाडीच्या विरोधात, एकट्यानं! मी तो क्षण डोळे मिटून उपभोगला. डोळे उघडले तेव्हा आबा दुसरा प्लग पॉइंट शोधत होते. तो खिडकीजवळ सापडला, माझ्या आरामखुर्चीच्या मागे. घरघंटी तिथं अगदी मापात बसली. आणि रिकामा टेम्पो परत कशाला न्यायचा, म्हणून खुर्ची येडगावला गेली.

परवा आबांचा फोन आला. येडगावच्या धरणाच्या बाजूला अंगणात ती खुर्ची टाकून ते बसले होते.

"खुर्ची लई झ्याक हाये, पावणं. मासं कसं हायेत?"

"एकदम मजेत!" मी ठणकावून सांगितलं. उभ्यानंच.