वाऱ्यावर सोडलेली संध्याकाळ

इमारतीत सगळे त्यांना लाइटवाले म्हणत. खरं तर त्यांनी आयुष्यात साधा फ्यूज बदलला नव्हता. वीज कंपनीत ते नियोजन करत. कोळसा जाळणं सोडायचं, तर शहराला किती वीज उन्हातून द्यायची, किती वाऱ्यातून आणि किती बॅटऱ्यांत साठवून ठेवायची, हे ठरवणं त्यांचं काम. त्यांची योजना तयार होती. दिवसा ऊन, ऊन उतरलं की वारा, आणि वारा रुसलाच तर अडीअडचणीला एक बॅटरी. बॅटरी महाग, म्हणून लहान.

मोठे साहेब मात्र मान डोलवेनात. कागदावर काय, सगळंच चालतं, म्हणाले. हे लाइटवाल्यांना लागलं. भरल्या मीटिंगमध्ये त्यांनी सांगून टाकलं, की ह्याच हिशेबाने मी माझं घर एक दिवस चालवून दाखवतो, संध्याकाळी जेवायलाच या. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण घराला येणाऱ्या कंपनीच्या विजेची पेटी कुलूपबंद करून किल्ली तुमच्याच खिशात ठेवा, असंही ते बोलून बसले.

बायकोने हे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "पाहुणे येणार त्याच दिवशी?"

गच्चीवर सोलरची पॅनेल बसली, एक छोटी पवनचक्की उभी राहिली, गॅलरीत बॅटरी आली. त्या दिवशी सकाळी निघताना लाइटवाल्यांनी आईला सगळं समजावलं. दुपारी इतकं ऊन असेल की वीज उतू जाईल. बॅटरी भरली की उरलेली वाया जाणार, तेव्हा जे काही दळायचं-धुवायचं ते दुपारीच उरकून घे.

आईने त्यातला 'वाया' हा शब्द तेवढा नीट ऐकला. जिने जन्मभर दुधाचं रिकामं पातेलंही विसळून घेतलं, तिला वाया म्हटल्यावर चैन कसली पडतेय! ती जिन्याने थेट तळमजल्यापर्यंत गेली आणि दारोदार सांगून आली, की आज आमच्याकडे वीज ओसंडून वाहतेय, इस्त्री-बिस्त्री काय असेल ते घेऊन या, लाजू नका. घरोघरी म्हातारीकोतारीच माणसं होती, त्यांनी निरोप ठेवून घेतला.

लोकांनी लाज सोडली, पण दुपारी नोकरी कशी सोडणार? सगळे संध्याकाळी आले.

लाइटवाले साहेबांना घेऊन पोचले तेव्हा झाडाचं पान हलत नव्हतं. त्यांनी हळूच वर पाहिलं. पवनचक्की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. तरीही, बॅटरी आहे की, असं मनाशी म्हणत ते जिना चढले आणि दारातल्या चपलांच्या ढिगात अडखळले.

आत दिवाणखान्यात शेजारचे मास्तर तन्मयतेने पँटला इस्त्री करत होते. त्यांच्यामागे तिघं-चौघं आपापल्या इस्त्र्या धरून उभे. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तर विजेवरचं शिलाई मशीनच आणून जेवणाच्या टेबलावर मांडलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बायको नवऱ्याकडे अशी बघत होती, की त्या नजरेतली वीज पकडता आली असती तर अख्खं शहर उजळलं असतं.

आई लगबगीने पुढे आली. साहेबांना तिने कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा चुरगळलेला शर्ट मात्र पाहिला. "द्या काढून," ती मायेने म्हणाली, "मास्तरांनंतर तुमचाच नंबर लावते."

भिडस्तपणाने साहेबांचा हात वरच्या बटणाकडे गेला, आणि घरातले सगळे दिवे गेले.

लाइटवाल्यांनी पडेल आवाजात किल्ली मागितली. साहेबांनी खिसे चाचपले. किल्ली कोटात होती, कोट गाडीत होता, आणि गाडी घेऊन ड्रायव्हर जेवायला गेला होता. फोन केल्यावर तो निघाला खरा, पण वाटेत गर्दीत अडकला.

शेजाऱ्यांना परत जावं तर अंधारात कुणाचे कपडे कुठले ते कळेना. शेवटी बायकोने मेणबत्ती लावली आणि चौघांसाठी केलेलं जेवण सगळ्यांना घास-घास वाढलं. मास्तर आणि शिंपीणबाईंच्या मध्ये साहेब जमिनीवर मांडी घालून बसले. पाहुणा अवघडू नये म्हणून आईने चौकशी केली.

"आपण काय करता?"

साहेबांनी घास गिळला. "मी शहराला वीज पुरवतो."

आधी बायकोला हसू फुटलं, मग शिंपीणबाईंना, आणि शेवटी साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. एकटे लाइटवाले हसले नाहीत. ते पाणी आणायला उठले आणि शिलाई मशीनवर आपटले.

दिवे आल्यावर साहेब निघाले. लाइटवाले मान खाली घालून त्यांना सोडायला खाली गेले. साहेब रागावले नव्हते.

"तुमचं सगळं बरोबर आहे हो," ते म्हणाले, "पण माणसं संध्याकाळीच घरी येतात, आणि वाऱ्याला ते कुणी सांगितलेलं नाही."

मग त्यांनीच तोड सुचवली, की दुपारची वीज स्वस्त करा, घरी असतील ते तरी आपली कामं दुपारी उरकतील, म्हणजे लहान बॅटरी पुरेल. लाइटवाल्यांच्या जिवात जीव आला. धावत वर जाऊन त्यांनी पहिला प्रश्न आईलाच विचारला, दुपारी वीज स्वस्त मिळाली तर कपडे धुवायचं मशीन तू दुपारी लावशील ना?

आईने लेकासाठी मनापासून विचार केला.

"लावलं असतं रे," ती म्हणाली, "पण दुपारी मी झोपते."

दुसऱ्या दिवशी लाइटवाल्यांनी ऑफिसात जाऊन योजनेतली बॅटरी दुप्पट केली.